मेंढी कुठून आली

'ज्याच्या नुसत्या खाकरण्याने सराईत गुन्हेगार कबुलीजबाबासाठी कागद मागतात, ज्याच्या नजरेतून मुंगीचं पाऊल सुटत नाही आणि मुंगीने ते का उचललं हेही सुटत नाही, ज्याच्या बुद्धीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले, तो प्रस्तुत गुप्तहेर त्या दुपारी आरामखुर्चीत विचारमग्न बसला होता.'

इथपर्यंतचा मजकूर आमच्या ह्यांचा. हे सांगतात आणि मी लिहिते, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाही लागत नाही. आत्ता हे अंघोळीला गेलेत. अंघोळ करताना हे विचार करतात, त्यामुळे पाऊण तास तरी बाहेर येत नाहीत. तेवढ्यात खरं काय घडलं ते मी लिहून टाकते.

त्या दुपारी हे घोरत होते. मुंग्यांचं म्हणाल, तर आमच्या साखरेच्या डब्याला महिनाभर मुंग्या लागल्या आहेत आणि ह्यांच्या नजरेतून झाडून सगळ्या सुटल्या आहेत. भल्याभल्यांनी हात टेकले हे मात्र खरं आहे. त्यात मी पहिली.

हे एकतीस वर्षं टपाल खात्यात, पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या विभागात होते. एका पाकिटावर फक्त 'पिवळ्या घरातल्या आत्याला' एवढंच लिहिलेलं होतं, तरी ह्यांनी ते पोचवलं, अशी ह्यांची ख्याती. पोचवलं हे खरं, घर पिवळं होतं हेही खरं. आत्या भलतीच होती, एवढं निरोप समारंभातल्या भाषणांत कुणी बोललं नाही. निवृत्त झाल्यावर ह्यांनी दारावर पाटी लावली, 'गुप्तहेर', हातभर अक्षरांत. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिल्यावर त्यात गुप्त काय राहिलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, हाच तर गनिमी कावा. चार वर्षांत तीन प्रकरणं आली. त्यातलं एक ह्यांच्याच हरवलेल्या चष्म्याचं होतं आणि तो कपाळावर सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी त्या वेळी म्हटलं होतं. चांगलं मोठ्याने म्हटलं होतं, म्हणून आता आठवतं.

तर त्या दुपारी ठकू आली. ठकू म्हणजे ह्यांची भाची. तिची आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तेव्हापासून ती आमच्याकडेच वाढली. आता प्रयोगशाळेच्या जवळ खोली घेऊन राहते. आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्या स्वेटरच्या बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "मामा, माझ्या जंतूंमध्ये मेंढी सापडलीय."

हे घोरायचे थांबले. चार वर्षं ज्या वाक्याची हे वाट बघत होते, ते असं घरबसल्या चालून आलं.

इथे ठकूचं काम सांगायला हवं. जुनाट जखमांमध्ये घर करून बसणारा एक सूक्ष्मजंतू आहे. औषध दिलं की इतर जंतू मरतात, हा मेला तग धरतो. कसा धरतो, हे ठकू सहा वर्षं शोधते आहे. जनुकं म्हणजे घरात कुणाकुणाला काय काय करता येतं त्याची यादी, आणि प्रथिनं म्हणजे आज प्रत्यक्षात कामाला कोण लागलंय ते, असं तिने मला एकदा समजावलं होतं. आमच्या घरात यादी मोठी आहे आणि कामाला लागलेली मी एकटी, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

ती एकेक प्रथिन शोधत बसत नाही. पेशीतल्या दोन-तीन हजार प्रथिनांची एकदम शिरगणती करते. जंतू फोडायचे, प्रथिनांचे तुकडे करायचे आणि ते कपाटाएवढ्या एका यंत्रात घालायचे. यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन करतं. मग संगणक ती वजनं जगभरातल्या प्रथिनांच्या नोंदींशी ताडून बघतो आणि सांगतो, हा तुकडा या जिवाचा, तो त्या जिवाचा. गेल्या चार महिन्यांत झालेल्या प्रत्येक शिरगणतीत त्या जंतूंच्या शेजारी मेंढीची नोंद होती. कधी नऊ प्रथिनं, कधी अकरा.

तिच्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला मेंढ्यांच्या रोगांची प्रयोगशाळा आहे. मोठे सर, म्हणजे ठकू ज्यांच्या हाताखाली काम करते ते, यादीवर एक नजर टाकून म्हणाले की हा नळ्यांचा घोळ आहे, तू त्यांच्या नळ्या वापरल्यास. शुक्रवारपर्यंत मेंढी कुठून आली ते सांग, नाहीतर चार महिन्यांचे नमुने टाकून द्यायचे आणि यंत्रावरची तुझी पाळी दुसऱ्याला. ते नमुने ज्या रुग्णांचे होते, ते बरे होऊन घरी गेले होते, त्यांच्या जखमा काही पुन्हा उघडता येणार नव्हत्या. आणि ठकूची प्रबंधाची मुदत दोन महिन्यांत संपत होती. म्हणजे मेंढी सापडली नाही, तर सहा वर्षं पाण्यात.

"मी कुणाच्या नळ्या घेतल्या नाहीत, मामी," ती मला म्हणाली. त्या आवाजात ती अकरा वर्षांची असताना बोलायची, म्हणून मला ते सहन होईना. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंग शोधत होते. भिंग ह्यांच्या खिशात होतं.

बुधवारी आम्ही तिथे गेलो. पाहुण्यांच्या वहीत ह्यांनी 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'सांगता येत नाही' असं लिहिलं, तेव्हा पहारेकऱ्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. यंत्राच्या खोलीबाहेर बोळात दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी माझी विणकामाची पिशवी घेऊन बसले. सुया हातात असल्या की माझ्याकडून कमी बोललं जातं, आणि ह्यांच्याबरोबर बाहेर पडल्यावर त्याची फार गरज असते. यंत्राला थंडावा लागतो म्हणून ती खोली हाडं गोठतील इतकी गार ठेवतात. चार महिन्यांपूर्वी ठकूचं काम त्या खोलीत हलवलं तेव्हाच मी तिला तो स्वेटर विणून दिला होता, तपकिरी लाल रंगाचा. आता त्याच लोकरीची टोपी घेतली होती करायला.

ह्यांचा पहिला सिद्धान्त असा, की इमारतीत प्रत्यक्ष मेंढी येऊन गेली. यंत्र खोटं बोलत नाही, यंत्र म्हणतं मेंढी, मग मेंढी. हे गुडघ्यांवर बसून बोळाची फरशी तपासू लागले. अर्ध्या तासाने कोपऱ्यात ह्यांना काळ्या, सुरकुतलेल्या, गोलसर अशा सात लेंड्या मिळाल्या. हे इतके हरखले की मला उठवून दाखवायला घेऊन गेले. एक भिंगाखाली धरून, हुंगून, ह्यांनी "ताजी आहे" असा शेरा दिला. तेवढ्यात पहारेकरी आला आणि म्हणाला, "काका, ते माझे मनुके. सकाळी पुडी फाटली." ह्यांनी पुरावा परत केला. त्याने तो घेतला नाही.

दुसरा सिद्धान्त होता दाढीवाल्याचा. मेंढ्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण दिवसातून चार वेळा ठकूच्या दाराशी येई, कधी पेन मागायला, कधी तेच पेन परत करायला. ह्यांनी त्याला बोळात गाठलं आणि विचारलं की आपण इथे वारंवार का येता. दाढीवाला कानापर्यंत लाल झाला.

"बघितलंस? पापी माणूस लाल होतो," हे माझ्या कानात म्हणाले.

माणूस कशाकशाने लाल होतो, हे चाळीस वर्षं संसार केल्यावर तरी कळायला हवं होतं, पण ते जाऊ दे. मग तो बिचारा खालमानेने सांगू लागला, की त्यांच्याकडे मेंढीचं फक्त रक्त असतं, तेही सीलबंद बाटल्यांमध्ये, आणि त्यांचं शीतकपाट बिघडल्यामुळे पाच महिने एकही बाटली उघडलेली नाही. नोंदवही आणून दाखवली. मेंढीचं फक्त रक्त, हे शब्द त्या बोळात आम्ही तिघांनी ऐकले. हे गुप्तहेर, तो शास्त्रज्ञ आणि मी स्वतःला शहाणी समजणारी. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचा प्रश्न आला नाही. मी टाके मोजत होते.

गुरुवारी ठकूने एक अक्कलहुशारीची गोष्ट केली. जंतू घेतलेच नाहीत, नुसतं शुद्ध पाणी घेतलं आणि त्याच नळ्या, त्याच पायऱ्या, सगळं तसंच करून यंत्रात घातलं. दुपारी उत्तर आलं. पाण्यातही मेंढी होती. म्हणजे मेंढी जंतूंमध्ये नव्हती, ती वाटेत कुठेतरी शिरत होती. नळ्या नव्या पाकिटातल्या, पाणी नव्या बाटलीतलं. ठकू खचून माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने बाह्या तळव्यांवर ओढून घेतल्या. ही तिची जुनी सवय. आमच्याकडे आली तेव्हा पहिले दोन महिने ती अशीच हात बाह्यांत लपवून बसायची, कुणी बोलावलं तरी हात बाहेर यायचे नाहीत. तेव्हापासून तिच्या प्रत्येक स्वेटरच्या बाह्या मी दोन बोटं जास्त विणते. तिने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

ह्यांनी तेवढ्यात तपासाला हातभार म्हणून दुसऱ्या रिकाम्या नळीत डोकावून पाहिलं आणि डोकावता डोकावता शिंकले. ती नळीही यंत्रात गेली. तिच्यात माणूस सापडला.

"गुन्हेगार मनुष्यजातीचा आहे, एवढं आता सिद्ध झालं," हे म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

शुक्रवार उजाडला. मोठे सर अकरा वाजता उत्तर ऐकायला येणार होते. ठकूचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता. हे मात्र कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हातात छत्री. रहस्याची उकल करताना हातात काहीतरी लागतं म्हणे. ह्यांनी बोळात ठकू, दाढीवाला आणि पहारेकरी यांना ओळीने उभं केलं. मी माझ्या खुर्चीवर, टोपीच्या शेवटच्या फेरीला. सर आले, घड्याळाकडे पाहिलं, आणि ह्यांनी सुरुवात केली.

ह्यांचं भाषण वीस मिनिटांचं होतं. त्यात टपाल खातं आलं, पिवळ्या घरातली आत्या आली, मनुके मात्र आले नाहीत. शेवटी हे छत्री उगारून म्हणाले, "मंडळी, मेंढी इथे आलीच नव्हती. इथे कुणीतरी मेंढीचं कातडं पांघरून वावरतंय. इतके महिने, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. थंड रक्ताने. आणि तो लांडगा," छत्री वळली, "तुम्ही आहात, सर. ठकूच्या पाळीचं यंत्र तुम्हाला स्वतःसाठी हवं आहे."

मी आजवर ह्यांच्या अनेक फजित्या पाहिल्या, पण जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं पहिल्यांदाच वाटलं. सर पांढरेफटक पडले. मग शांतपणे ठकूकडे वळून म्हणाले, "हे तुमचं उत्तर आहे, असं मी समजू का?"

ठकूने बाह्या तळव्यांवर ओढून घेतल्या.

तेवढ्यात बोळातून कोटवाल्या मावशींची गाडी आली. संशोधकांचे पांढरे कोट धुऊन, घडी घालून दर शुक्रवारी त्या खोल्याखोल्यांतून देतात. रस्ता अडलेला पाहून त्या थांबल्या. काय चाललंय म्हणून पहारेकऱ्याला विचारलं. त्याने थोडक्यात सांगितलं की ताईंच्या पाण्यात मेंढी सापडली आहे आणि त्यावरून तंटा आहे. मावशींनी कोटांच्या घड्या सारख्या केल्या आणि सहज, भाजीवालीला विचारावं तसं विचारलं, "मेंढीचं काय सापडलं?"

सर म्हणाले, "मेंढीचं म्हणजे... मेंढीची प्रथिनं."

"ते कळलं. पण काय? रक्त, दूध, का केस?"

सरांनी ठकूकडे पाहिलं, ठकूने दाढीवाल्याकडे. मग मला कळलं ते असं, की शिरगणतीत हजारो नावं येतात, म्हणून ही मंडळी आधी गोषवारा बघतात. जंतू, इतके. मेंढी, अकरा. मेंढी दिसल्याबरोबर सगळे मेंढ्यांच्या प्रयोगशाळेकडे धावले होते. ती अकरा कोणकोणती, ते पान चार महिन्यांत कुणी उघडलंच नव्हतं. ना विद्यार्थिनीने, ना सरांनी. ह्यांना तर असं पान असतं हेच ठाऊक नव्हतं.

ठकूने तिथेच मांडीवर संगणक घेऊन ते उघडलं. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. पहिलं लोकरीचं प्रथिन. दुसरं लोकरीचं. अकराच्या अकरा लोकरीची.

"केसच ना?" मावशी म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन ठकूच्या अंगावरच्या कोटाची बाही धरली आणि वर केली. कोटाच्या बाहीतून तपकिरी लाल लोकर चांगली दोन बोटं बाहेर आली होती, हातमोज्याच्याही वरून. "चार महिने या एका कोटाच्या बाहीतून पुंजके काढतेय मी. कुणाला सांगायचं? धुवायला टाकताना कुणी बघतं का?"

सगळ्यांनी त्या बाहीकडे पाहिलं. मग एकेकाची नजर तिथून निघाली आणि बोळाच्या कडेने माझ्या खुर्चीपर्यंत, माझ्या मांडीपर्यंत आली. तिथे त्याच लोकरीची टोपी होती आणि पायाशी त्याच रंगाची कुसं पसरली होती. तीन दिवस मी तिथे बसून, दारात, पुरावा विणत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनुक्यांवर हसले होते मी. चष्म्यावर हसले होते. आणि कळसा माझ्याच मांडीवर होता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छत्री खाली केली.

ठकूने स्वेटर काढला. नुसत्या सुती सदऱ्यावर कोट घातला, हात कोपरापासून धुतले, आणि त्या गारठ्यात दात वाजत असताना पुन्हा पाणी घेऊन बसली. दाढीवाला दाराबाहेर उभा राहून तिच्याऐवजी कुडकुडत होता. दुपारी उत्तर आलं, मेंढी शून्य. माणूस होता थोडासा. तो म्हणे नेहमीच असतो, कातडीचे कण उडतात, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आले आहे.

सरांनी पान स्वतः तपासलं. लोकरीच्या अकरा ओळी वजा केल्या की जंतूंची बाकीची शिरगणती जशीच्या तशी उभी राहत होती, काही टाकायचं कारण नव्हतं. ते पान आधी आपणच उघडायला हवं होतं, हे त्यांनी ठकूला सगळ्यांसमोर सांगितलं, तेवढा त्यांचा मोठेपणा. मग त्यांनी मावशींचे आभार मानले. मावशी म्हणाल्या, आभार राहू द्या, कोटांच्या बाह्यांना बटणं लावून द्या. आणि गाडी घेऊन पुढच्या खोलीकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत दारावर कागद लागला, 'लोकरीचे कपडे घालून आत येऊ नये.' त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'शिंकूही नये.'

घरी परतताना मी ठकूला म्हटलं, "माझ्यामुळे तुझी सहा वर्षं जात होती गं."

"त्या खोलीत त्या स्वेटरमुळेच चार महिने बसले मी," ती म्हणाली. स्वेटर तिने घडी करून छातीशी धरला होता. "फक्त आता दाराबाहेर खुंटीवर ठेवीन. बाहेर आले की घालेन."

मी हो म्हटलं. पण मला ते लागलं होतं, आणि अजून लागलेलं आहे. म्हणून तर हे सगळं लिहायला बसले.

हे बघा, आले अंघोळीहून. डोक्याला पंचा गुंडाळून समोर बसलेत आणि विचारतायत, कुठपर्यंत आलो होतो आपण. विचारमग्न बसला होता, इथपर्यंत, मी सांगितलं. मग ह्यांनी घसा खाकरून शेवट सांगायला घेतला. मेंढीचं कातडं पांघरल्याचं अचूक निदान प्रस्तुत गुप्तहेराने सर्वांच्या आधी केलं होतं, हे त्यात आलंच. मावशींना 'एक स्थानिक खबरी' म्हणून अर्धी ओळ मिळाली. मी मुकाट्याने लिहीत गेले आणि त्या एका वाक्याची वाट बघत राहिले, ज्यात गुन्हेगाराचं नाव येणार होतं. ह्यांना ते सांगायची केवढी हौस, मला माहीत आहे. गेली चाळीस वर्षं मी ह्यांना जे जे बोलले, त्या सगळ्याचं उट्टं एका ओळीत निघालं असतं.

हे थांबले. खिडकीकडे बघत म्हणाले, "लिही. गुन्हेगार अद्याप फरार आहे."

मी वर पाहिलं.

"आणि पुढे लिही, सापडला तरी प्रस्तुत गुप्तहेर त्याला पकडणार नाही." मग कपाळावरचा चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले.

सांगितलं तसं मी लिहिलं. वही मिटली आणि नव्या स्वेटरचं विणकाम काढलं. सुती आहे, फारसं ऊबदार होणार नाही, पण खोलीत चालेल. बाह्या या वेळी मनगटापर्यंतच घेतल्या आहेत.